नवतपातला किल्ला

मेअखेरच्या जळत्या नऊ दिवसांचा नवतपा लागला की नागपूर दार लावून घेतं. सकाळी दहाला भाजीवाला शेवटची हाक देऊन निघून जातो, आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत गल्लीत फक्त ऊन असतं. शेजारच्या घराची पत्र्याची पन्हाळ तापून मधूनच टणकन वाजते. कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडतात. माणसं आत, कूलरच्या घरघरीत. परवा कूलरवाल्याने नव्या ताट्या बसवल्या, पहिल्यांदा पाणी सोडलं, आणि तो ओल्या गवताचा गार वास खोलीभर पसरला. चौऱ्याहत्तर उन्हाळे झाले माझे. या वासाने दरवेळी जिवाला बरं वाटतं.

पण माझ्या आठवणीत या वासाला एक जळका वास चिकटलेला आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या एका नवतपाचा. तो वास आमच्या घरात कसा आला, हे आमच्या साऱ्या गोतावळ्याला माहीत आहे, आणि सगळ्यांना चुकीचं माहीत आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचो. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं वर्गात दटावून सांगायचो. आणि घरातली एक खोटी गोष्ट खरी म्हणून चालू दिली. ती दुरुस्त करायला बसलो आहे. बसलो तर आधी आठवतंय ते सुखच. त्याला मी काय करू?

आमचं घर विणकरांचं. सक्करदऱ्याच्या बाजूला, दोन खोल्या मागे आणि एक मोठी खोली पुढे. पुढच्या खोलीत माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. वडील त्यावर बसले, त्यांच्यानंतर माझा मोठा भाऊ. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. वडिलांनी दोघा पोरांची वाटणी लवकर केली होती: मोठा मागावर बसेल, धाकटा शाळेत जाईल. मी शाळेत गेलो. दादा चाळीस वर्षं त्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि करवतकाठी लुगडी विणत राहिला. मग हातमागाला गिऱ्हाईक उरलं नाही. माग मोडला, खड्डा बुजवला, वर सिमेंट घातलं. दादाची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. तो आमच्यातच राहायचा, आणि दुपारी त्या सिमेंटच्या चौकोनावर चटई टाकून पडायचा.

त्याच चौकोनावर पुढे टेबल आलं आणि टेबलावर कॉम्प्युटर. माझी मुलगी वैशाली कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. जून महिन्यात तिला प्रोजेक्ट जमा करायचं होतं. त्यासाठी जरीपटक्याच्या बाजारातून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. ती सकाळी आणि संध्याकाळी त्यावर काम करायची. दुपारी ती आणि तिची आई कुसुम मागच्या खोलीत कूलरसमोर झोपायच्या. पुढच्या खोलीत कूलर नव्हता.

वैशालीच्या मैत्रिणीने त्यात एक खेळ टाकून दिला होता. महायुद्धातला. आपण एक सैनिक, शत्रूच्या किल्ल्यात कैद झालेला, आणि तिथून निसटायचं. त्या सैनिकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, कारण आपणच तो. समोर दिसते फक्त हातातली बंदूक आणि पुढे जाणारी दगडी वाट. आता पोरांच्या फोनवर असले खेळ ढिगाने आहेत, पण तेव्हा मी तसं काही पाहिलं नव्हतं. क्रमिक पुस्तकात दुसरं महायुद्ध साडेतीन पानांत संपायचं. कारणे, घटना, परिणाम. वीस वर्षं मी ते शिकवलं आणि एकदाही माझ्या पाठीवर काटा आला नाही. इथे पहिल्याच दुपारी एका बंद दारासमोर उभा राहिलो आणि पलीकडे कोण असेल या भीतीने हात घामाने ओले झाले. दार सरकलं, कोणीतरी परक्या भाषेत ओरडलं, आणि मी मेलो.

दुसऱ्या दिवशी घरात मी सांगून टाकलं, की दुपारी मी पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिका टाइप करत जाईन. कुसुम म्हणाली, "एवढ्या उन्हात? डोकं तापेल तुमचं." पण मास्तर माणूस, शिकण्या-शिकवण्याचं काही करतोय म्हटल्यावर पुढे कोणी विचारत नाही.

दादाने विचारलं. चटईवरून मान उचलून त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "काहून मरून राहिला तू घडीघडी?"

"वाट सापडत नाही गा," मी म्हणालो. "सगळ्या भिंती सारख्याच दिसतात."

"सारख्या कशा? मघाशी त्या कोपऱ्यावर निळा दगड होता. तू तिथूनच दोनदा गेला, भैताडा."

तो उठून बसला. मग खुर्ची ओढून जवळ आला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या पेटीतून चौकटींचा कागद काढला. काठाची नक्षी तो या कागदावर आधी काढायचा, एकेक चौकट म्हणजे इतके इतके धागे, असा हिशेब. त्या कागदावर तो किल्ला काढू लागला. मी चालायचो, तो मोजायचा. "चार घर पुढं. आता डावं. थांब, भरू दे मले." पेन्सिलीने एकेक चौकट काळी होत जायची. खोलीत भट्टीसारखी धग, अंगावर बनियन चिकटलेलं, आवाज बंद केलेला, त्यामुळे शत्रू मुक्यानेच ओरडत पडायचे. आणि आम्ही दोघे पन्नाशीच्या आगेमागेचे भाऊ कुजबुजत एका परदेशी किल्ल्याच्या तळघरातून चाललेलो.

एकदा खूप वेळ अडकलो. पुढे वाटच नव्हती. दादाने कागद दूर धरून, डोळे बारीक करून पाहिला.

"इथं चार चौकटी रिकाम्या आहेत," तो म्हणाला. "काढणाऱ्यानं उगाच सोडल्या नसतील. इतकी मेहनत करणारा माणूस मधात भोक ठेवत नाही. तिथली भित ढकलून पाह्य."

मी ढकलली. भिंत सरकली. आत लपवलेली खोली होती, औषधाच्या पेट्यांनी आणि ताटांनी भरलेली. मी ओरडलोच, आणि दादाने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्याच्या हाताला अजून खळीचा वास होता की मला तसा भास झाला, सांगता येत नाही. मागून कुसुमने विचारलं, "काय झालं हो?" दादा म्हणाला, "काही नाही वं, पाल होती." मग आम्ही दोघे तोंड दाबून इतके हसलो की खुर्ची करकरली.

सातव्या वर्षी मी शाळेत गेलो, त्यानंतर आम्ही दोघे भाऊ एका कामाला असे शेजारी बसलोच नव्हतो. तो खड्ड्यात खाली असायचा, मी पुस्तक घेऊन वर. त्या नवतपाने आम्हाला एका उंचीच्या दोन खुर्च्यांवर बसवलं. एका खोट्यानाट्या लढाईने माझा भाऊ मला परत दिला. युद्धाचे परिणाम मी मुलांना लिहून देत असे. हा परिणाम कुठल्या पुस्तकात नाही.

आता ते सांगतो, ज्यासाठी बसलो.

सातवा की आठवा दिवस असेल. कॉम्प्युटर तासाभरात तापायचा आणि चित्र जागच्या जागी गोठायचं. त्या दुपारी आम्ही शेवटच्या दारापाशी होतो. दादा म्हणाला, "थांब, पाणी आणतो. घसा कोरडा पडला," आणि मडकं घेऊन मागच्या अंगणात गेला. मी पडद्यामागे हात लावला. चटका बसला. आता बंद पडलं तर तो मजला पुन्हा पहिल्यापासून.

उन्हाळ्यात मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, कोरडा पडतो आणि तटातट तुटतो. म्हणून विणकराच्या घरी मे महिन्यात ताण्यावर ओलं फडकं पसरतात, भोवती पाणी शिंपडतात. आमच्या घरी ते फडकं भिजवून टाकायचं काम लहानपणी माझं होतं. शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर. ते माझ्या हातांना ठाऊक होतं. मी विचार केला नाही. दादाचा डोक्याला गुंडाळायचा ओला दुपट्टा खुंटीवर होता. तो घेतला, बादलीत बुडवला, अर्धवट पिळला आणि कॉम्प्युटरवर पसरला. पडद्यावरून खालच्या डब्यापर्यंत, चारही बाजूंनी नीट, जसा ताण्यावर पसरायचो तसा. किती छान पसरला म्हणून दोन पावलं मागे सरून पाहिलंसुद्धा.

फट् असा आवाज झाला. निळा धूर, आणि तो वास.

कुसुम आणि वैशाली धावत आल्या. मी भिंतीपाशी उभा होतो. त्याच वेळी दादा अंगणाच्या दारातून आत आला, दोन्ही हातांत भरलेलं मडकं. आणि कॉम्प्युटरवर त्याचा दुपट्टा.

"भाऊजी!" कुसुम ओरडली. "अहो, हा काय तुमचा माग आहे का? ह्यांचं काम चाललं होतं, तुम्हाले कोणी सांगितलं मधात हात घालायले?"

 वैशाली माझ्याकडे पाहत होती. मी तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. पण दादाने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं वं पोरी माझं. मले वाटलं, तापलंय तं थंड होईल."

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. लाज नंतर वाटली. आधी हायसं वाटलं. शिकलेला माणूस, मास्तर, असं करणार नाही, हे सगळ्यांनी धरून घेतलं. मी धरू दिलं. विणकराचे हात दादाचे होते, माझे नव्हते, असंच मला स्वतःलाही मानायचं होतं.

जरीपटक्याच्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडून मान हलवली. "मास्टरजी, अंदर का सब गया." वैशालीचं प्रोजेक्ट त्यात होतं, दुसरीकडे ठेवलेली नक्कल अर्धवट होती. जूनची मुदत गेली, तिचे सहा महिने गेले. ती दादाशी बोलेना. ताट त्याच्यासमोर ठेवायची आणि वळायची. आठ दिवसांनी दादा म्हणाला, "उमरेडले आत्याच्या पोराकडं दोन माग चालू आहेत अजून. जाऊन पाहतो." पेटी घेऊन तो गेला, आणि पुढे तिथेच राहिला. मी त्याला बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. तिथे तरी बोलायचं होतं. मी त्याला पाण्याची बाटली घेऊन दिली.

काळाने मग वेगळंच केलं. वैशालीचं पुढे सगळं चांगलं झालं, मोठ्या कंपनीत लागली, राग विरला, आणि त्या गोष्टीचा विनोद झाला. दरेक लग्नात, बारशात कोणीतरी ती काढतंच. "कॉम्प्युटरले ताप आला होता, तं मोठेबाबांनी पट्टी ठेवली!" सगळे हसतात. दादाही हसतो, कधी वरून भर घालतो, "नाडीही पाह्यली होती मी." आणि मी, तिथेच, वाढपात मदत करत असतो. कुसुम चार वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत ती हेच खरं धरून चालली. तिला सांगायचं राहिलं, आणि ते आता कुठेच दुरुस्त होणार नाही.

मागच्या महिन्यात चुलत पुतणीच्या मुलाचा साखरपुडा होता. नव्या सोयऱ्यांना ती गोष्ट सांगितली गेली. दादा आता ब्याऐंशीचा, कान जवळजवळ गेलेले. मी समोर होतो. त्याला शब्द ऐकू आले नाहीत. पण लोकांचे चेहरे आपल्याकडे वळले हे त्याने पाहिलं, काय चाललंय ते ओळखलं, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर तो हसला. एकटाच. थोडा उशिरा.



यंदाच्या नवतपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी उमरेडला गेलो. दादा ओसरीवर बसून कांदा-पोहे खात होता. मी जवळ बसलो आणि हळू आवाजात, तयार करून आणलेली वाक्यं बोलू लागलो.

"का म्हणतो? मोठ्यानं बोल."

मी आवाज चढवला. तरी नाही. शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दादा, तो दुपट्टा मी टाकला होता!"

शेजारची बाई सुपासकट दारात आली. समोरच्या पारावरचे दोघे वळून पाहू लागले. दादा बशी खाली ठेवत म्हणाला, "अरे हळू गा. मी बहिरा झालो, गाव नाही झालं." मग म्हणाला, "मले का माहीत नाही? माझ्या हातात तं मडकं होतं."

"मग काहून बोलला तसं?"

त्याने बराच वेळ दातात अडकलेला कांदा काढला. "त्या पोरीचं तोंड पाह्यलं मी. ती तुझ्याकडंच पाहून राहिली होती. घरात सगळे म्हणत, लग्न करा तिचं. शिकू द्या म्हणणारा तू एकटा. तुझ्यावरचा तिचा भरोसा गेला असता तं तिनं कोणाकडं पाह्यलं असतं? मी का, म्हातारा काका. माझ्यावर रुसली तं दोन दिवस रुसली."

"दोन दिवस नाही. आठ महिने."

"असो न."

मी म्हणालो की आता मी सगळ्यांना सांगणार आहे. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "काही गरज नाही. सांगून का भेटणार तुले?" मग आवाज उतरला. "माझ्याजवळ तुले द्यायले दुसरं का होतं? तेवढंच तं दिलं."

"मला शिकवलं तू. चाळीस वर्षं मागावर बसून."

"ते बाबांनी सांगितलं म्हणून," दादा म्हणाला. "हे मी माझ्या मनानं केलं."

परतीच्या बसमध्ये खिडकीतून झळा येत होत्या आणि मी दुपट्ट्यात तोंड लपवून बसलो होतो. मी कबुली द्यायला गेलो होतो, आणि परत येताना कळलं की आपल्याला कबुली नाही, पोच द्यायची आहे. कोणी आपल्या मनाने, न सांगता, एवढं मोठं काही दिलं, आणि घेणाऱ्याने ते घेतल्याचंही कोणाला कळू दिलं नाही. पाप तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की एका माणसाचं देणं कोणी पाहिलंच नाही. म्हणून दादाची आज्ञा मी मोडतो आहे.

संध्याकाळी वैशालीला सांगितलं. ती सुटीला आलेली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.  इतकंच म्हणाली, "बाबा, मी त्यांच्यासमोर ताट आपटून ठेवत होती. तुम्ही बाजूले बसून जेवत होते."  ती उठून आत गेली. सकाळी बाहेर आली तेव्हा हातात गाडीची किल्ली होती. "चला," ती म्हणाली. 

दादा ओसरीवरच होता. वैशाली त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "मोठेबाबा, खोटं काहून बोलले तुम्ही माझ्याशी?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. आपलं गुपित दुसऱ्याने फोडल्यावर मूल पाहतं तसं.

"सांगितलंच का तू?" तो मला म्हणाला. "एक गोष्ट नाही ठेवता आली तुले पोटात?"

वैशाली त्याच्या पायाशी जमिनीवर बसली, त्याचा हात हातात धरला. शेजारच्या बाईने न विचारता तीन पेले पन्हं आणून ठेवलं. मग वैशाली उठली, आत गेली, आणि स्वतःच त्याची पेटी भरू लागली. कपडे, चष्मा, गोळ्या. "नवतपा संपेपर्यंत तं आमच्याकडंच," ती म्हणाली. "त्याच्यापुढचं मग पाहू." दादाने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा चप्पल शोधू लागला.

गाडीत तो पुढे तिच्याशेजारी बसला. ती ओरडून बोलत होती, तो हसत होता, मधूनच खिडकीबाहेर काही दाखवत होता. मी मागच्या सीटवर. मी दोनदा पुढे वाकून, ओरडून काहीतरी विचारलं. त्याला ऐकू आलं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याने उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर पाणीही वैशालीकडे मागितलं. रात्री जेवताना माझ्याकडे पाठ करून बसला.

माझ्या आठवणीत दादा माझ्यावर कधीच रागावलेला नव्हता. लहानपणी त्याची पेन्सिल तोडली तेव्हा नाही, त्याच्या वाटणीची शाळा मी घेतली तेव्हा नाही, त्याला उमरेडच्या बसमध्ये बसवलं तेव्हाही नाही. आज त्याच्या रागाचा तिसरा दिवस आहे. पुढच्या खोलीत तो वैशालीशी बोलतोय. मी गेलो की गप्प होतो आणि तोंड फिरवतो. मी तिथेच बाजूला खुर्ची टाकून बसतो.